लाल ठिपका

२०१३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी सॅनिटरी पॅड आणि डायपर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना त्यांचाच माल परत पाठवला. वापरलेला, पोत्यांत भरून. ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेची ही मोहीम होती आणि तिला कायद्याचा आधार होता. २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची भाषा पहिल्यांदा आली होती. तुम्ही बनवलेली वस्तू वापरून झाल्यावर कुठे जाते ते तुम्हीही बघा, असा त्या पोत्यांचा सरळ निरोप होता. ती पोती ज्यांच्या हाती पडली असतील त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करायला हरकत नाही. मात्र पाठवणाऱ्या बायका तेच पॅड रोज, सकाळी सात वाजल्यापासून, हाताळत होत्या.

त्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडे ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द सरकारी कागदांत आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत स्थिरावला. वस्तू बनवायची, वापरायची, फेकायची या सरळ रेषेऐवजी तिचं वर्तुळ करायचं. कचऱ्यातून पुन्हा कच्चा माल काढायचा. बाटलीचं हे जमतं, पुठ्ठ्याचं जमतं, जुन्या मोबाइलचंही बऱ्यापैकी जमतं. ज्या वस्तू आपण उघड विकत घेतो, उघड वापरतो आणि उघड भंगारात घालतो, त्यांचं हे वर्तुळ आहे. काही वस्तू मात्र आपण लपवून आणतो, लपवून वापरतो आणि लपवून टाकतो. त्यांचं वर्तुळ पहिल्याच वळणावर अडतं, आणि ते तंत्रज्ञानापेक्षा लाजेने जास्त अडतं. सॅनिटरी पॅड हे त्याचं आपल्या घरातलं उदाहरण.

आधी वस्तू पाहू. अंगाला लागणारा वरचा थर पॉलिप्रॉपिलीनचा, न विणलेल्या कापडासारखा. त्याखाली लाकडाचा पिंजलेला लगदा. लगद्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे, ओल लागली की स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून फुगणारे. तळाला पॉलिथिनचा पातळ पापुद्रा, त्यावर गोंदाच्या रेघा आणि रेघांवर सिलिकॉन लावलेली कागदी पट्टी. यातली एकेक चीज सुटी मिळाली तर तिला गिऱ्हाईक आहे. लगदा कागदाच्या गिरणीला चालतो, प्लास्टिकचे दाणे पाडता येतात. अडचण अशी की हे सगळं काही मिलिमीटरच्या जाडीत एकमेकांना चिकटवलेलं असतं आणि वापरानंतर ते रक्ताने भिजलेलं असतं. रक्तातून संसर्ग होऊ शकतो, हा धोका खरा आहे. सगळंच मनाचं खूळ म्हणून सोडून देता येत नाही.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारखान्यात वाकडा कापला गेलेला, चिकटपट्टी चुकलेला माल वाया जात नाही. असे ‘बी ग्रेड’ डायपर आपल्याकडे सुटे, किलोच्या भावाने विकले जातात. म्हणजे याच लगद्याला, याच प्लास्टिकला, याच दाण्यांना बाजार आहे. शरीराचा स्पर्श झाला की तो भाव शून्यावर येतो. खरं तर शून्याच्याही खाली, कारण आता ती वस्तू उचलण्याचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात. दूषित मालाची किंमत उतरणारच. पण किती उतरावी हे आपल्याकडे फक्त जंतू ठरवत नाहीत.

किती पॅड टाकले जातात, हा साधा प्रश्न विचारून पाहा. भारतात वर्षाला १,२३० कोटी पॅड आणि त्यांचा १ लाख १३ हजार टन कचरा, हा आकडा गेली काही वर्षं प्रत्येक लेखात, प्रत्येक सादरीकरणात सापडतो. मी तो घेऊन भागाकार केला. एका पॅडला साधारण नऊ ग्रॅम आले. हे वजन कोऱ्या, कोरड्या पॅडच्या आसपासचं आहे. वापरलेला पॅड त्याहून जड असतो, त्यामुळे गाडीत पडणारं ओझं या आकड्याहून बरंच जास्त असणार. आणि १,२३० कोटी तरी कुठून आले? सुमारे १२ कोटी बायका पॅड वापरतात असं धरायचं, एका पाळीला आठ पॅड धरायचे, वर्षाच्या बारा-तेरा पाळ्या धरायच्या आणि गुणाकार करायचा. धरलेल्या गोष्टींचा हा हिशेब आहे, तराजूवर काही ठेवलेलं नाही. पॅड कुजायला ५०० ते ८०० वर्षं लागतात हे विधानही असंच हातोहात फिरतं. प्लास्टिकचं पॅड जन्माला येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, हे कुणी विचारात घेत नाही. पुठ्ठ्याचा, लोखंडाचा, बाटल्यांचा हिशेब भंगारवाल्याच्या वहीत रोज लिहिला जातो. ज्या वस्तूला भाव नाही आणि जिचं नाव घ्यायचं नाही, तिची वहीच नाही. धोरण आखणारे मग अंदाजावर अंदाज रचत बसतात.

*

कायदा या वस्तूकडे कसा बघत आला तेही मजेशीर आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड आणि डायपरचा स्पष्ट उल्लेख आला, ही मोठीच गोष्ट. घरातल्यांनी वापरलेला पॅड नीट गुंडाळून ‘सुक्या’ कचऱ्यात टाकायचा, असं तो नियम सांगत होता. रक्ताने भिजलेली वस्तू कायद्याने सुकी ठरली. हेच रक्त इस्पितळातल्या बोळ्यावर असेल तर तो जैववैद्यकीय कचरा. त्याची पिवळी पिशवी, त्याची नोंद, त्याची वेगळी गाडी. घरातल्या मोरीतून निघाला की तोच बोळा वर्तमानपत्राच्या आणि दुधाच्या पिशव्यांच्या शेजारी.

उत्पादकांसाठीही त्याच नियमांत एक कलम होतं. कंपन्यांनी आपल्या मालात सगळे पुनर्वापरयोग्य घटक वापरण्याची शक्यता अजमावावी, अथवा प्रत्येक नॅपकिनमागे विल्हेवाटीसाठी एक पिशवी किंवा वेष्टन पाकिटासोबत द्यावं. या ‘अथवा’त सगळी मेख होती. एका बाजूला वस्तूची मूळ रचना बदलण्याचं काम, दुसऱ्या बाजूला एक पातळ पिशवी. कोणता रस्ता सोपा पडणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुष्कळ पॅड आज एकेकट्या वेष्टनात येतात आणि जुना पॅड नव्याच्या वेष्टनात गुंडाळून टाकावा अशी सूचना असते. ते वेष्टनही बहुधा प्लास्टिकचंच. प्लास्टिकवर प्लास्टिकचा पदर चढला आणि नियम पाळला गेला.

मला या कलमात दुसरीही गोष्ट दिसते. दुकानदार वर्षानुवर्षं पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देत आला. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा ती काळी पिशवी कायद्याच्या कचाट्यात सापडली, पण गुंडाळण्याची सवय गेली नाही. विकत घेतानाच्या त्या झाकण्याला आपण बुरसटलेपणा म्हणतो. टाकतानाचं झाकणं मात्र आपण नियमात घातलं. आरोग्यासाठी गुंडाळणं आवश्यक आहे, यात वाद नाही. पण गुंडाळलेल्या पुडीत काय आहे हे पुढच्या माणसाला कळलं नाही, तर तो ती उघडून बघणार.

‘स्वच्छ’ने यावर काढलेला तोडगा मला आजही या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा वाटतो. पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल पेनने एक ठिपका काढा. बस. ना यंत्र, ना ॲप. ठिपका पाहिला की वेचणारी बाई ती पुडी न उघडता बाजूला ठेवते. संस्थेतल्या बायकांनी रद्दी पेपरच्या खास पिशव्याही बनवल्या, त्यातून थोडी मिळकतही झाली. या मोहिमेला जेवढा प्रतिसाद मिळायला हवा होता तेवढा मिळाला नाही, आणि कारण खर्चाचं नव्हतं. पेन घरोघरी असतं. ठिपका काढणं म्हणजे घरात कुणाची तरी पाळी चालू आहे हे कचऱ्याच्या डब्यावर लिहिणं. डबा खाली घेऊन जाणारा दीर असतो, मुलगा असतो, सोसायटीचा सफाई कामगार असतो. काही घरांत मोलकरीण भांडी घासते, लादी पुसते, पण ‘तो’ डबा उचलायला सांगितलं तर तिलाही नको असतो. तिने नाही म्हटलं की मालकिणीला राग येतो. पण मालकीण स्वतःही तो डबा लांब धरूनच नेते.

मग सोसायटीतल्या बायका पॅड जिन्यातून खाली न नेता पर्समध्ये घालतात. पुण्यात नदीवरच्या पुलांवरून भिरकावल्या जाणाऱ्या पिशव्यांत निर्माल्य असतं तसं हेही असतं. कुणी संडासात टाकून साखळी ओढतं. तिथे ते दाणे फुगतात, नळी तुंबते आणि मग ती मोकळी करायला माणूस बोलावला जातो. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. गल्लीतली तुंबलेली गटारं त्या कायद्याची रोज परीक्षा घेतात.

*

हे काम कुणाच्या वाट्याला येतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायका बहुसंख्येने दलित आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर भागातून गाव सोडून आलेल्या कुटुंबांपैकी कित्येक या धंद्यात शिरली. १९९३ मध्ये त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या कार्यकर्त्या तिच्या उभारणीत होत्या. पुढे पंचायतीतूनच ‘स्वच्छ’ निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून या बायका दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. पूर्वी कुंडीत वाकून जे वेचायचं, ते आता दारात, वेगळं करून मिळावं, ही त्यांची लढाई होती. ओळखपत्र मिळालं, घरामागे महिन्याची फी मिळाली, सुक्या कचऱ्यावरचा हक्क मिळाला.

त्या सुक्या कचऱ्यातच पॅड येतो. वेचणाऱ्या बाईच्या महिन्याच्या मिळकतीत फीइतकाच आधार कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या यांच्या विक्रीचा असतो. पिशवी सोडताना आत फुटलेली पॅडची पुडी निघाली, तर तिच्या हाताला काय लागतं ते वेगळंच. तिचा मालही भिजतो. भिजलेला, डागाळलेला कागद भंगारवाला कमी भावात घेतो किंवा घेतच नाही. म्हणजे पॅड स्वतः तर काही देत नाहीच, शेजारच्या मालाचाही भाव पाडतो. हातमोजे घाला, असं सांगणं सोपं आहे. दिवसभर ढिगातून कडक प्लास्टिक आणि मऊ प्लास्टिक बोटांनी ओळखायचं असतं. जाड मोज्यात ती बोटं आंधळी होतात. म्हणून पुष्कळ जणी मोजे काढून ठेवतात. पॅड हाताळून आल्यावर दुपारची भाकरी घशाखाली उतरत नाही, हे या बायका गेली अनेक वर्षं सांगत आल्या आहेत.

पाळीचा विटाळ आणि जातीचा विटाळ इथे एकाच पुडीत येतात. पहिला वरच्या मजल्यावरच्या बाईला ती पुडी लपवायला लावतो आणि दुसरा खालच्या बाईला ती उघडायला लावतो. दोघी बायकाच, पण एकीला काय भोगावं लागतं हे दुसरीपर्यंत पोहोचत नाही, कारण मधला व्यवहार मुका आहे. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या आकृत्यांत वापरणाऱ्याकडून संकलनाकडे एक गोल बाण जातो. बाण काढताना रेषेला हात नसतात. पुण्यात त्या बाणाच्या जागी एक बाई उभी असते.

*

सरकारने या काळात काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. केलं, आणि भरपूर केलं. फक्त नळाच्या तोंडाशी केलं. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राच्या ग्रामविकास खात्याने ‘अस्मिता’ योजना आणली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला. जनऔषधी केंद्रांतलं ‘सुविधा’ पॅड अडीच रुपयांना सुरू झालं आणि २०१९ मध्ये एक रुपयावर आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ५८ टक्के जणी पाळीत स्वच्छ साधनं वापरत होत्या. पाचव्या फेरीत हे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवर गेलं. हा आकडा आनंदाचाच आहे. ज्या मुलीच्या हातात कालपरवा पहिल्यांदा धड पॅड आलं, तिला आज पर्यावरणाचं व्याख्यान द्यायला जाऊ नये. शहरातल्या ज्या वर्गाने तीस वर्षं बिनदिक्कत पॅड फेकले, त्या वर्गाला तर तो अधिकार मुळीच नाही.

पण प्रत्येक दिलेल्या पॅडचा दुसरा दिवस असतो, आणि त्या दुसऱ्या दिवसाची तरतूद योजनांत क्वचित दिसते. दिसते तिथे ती बहुतेक वेळा जाळण्याची असते. शाळेच्या, वसतिगृहाच्या स्वच्छतागृहात भिंतीवर छोटा विजेचा जाळक बसवायचा. बटण दाबलं की राख. शिक्षकांना ते आवडतं, मुलींनाही आवडतं, कारण मागे काही उरत नाही. इस्पितळाचा कचरा जाळणाऱ्या भट्टीला दोन कक्ष लागतात. पहिल्यात किमान ८०० अंश तापमान, दुसऱ्यात १,०५० च्या आसपास, आणि त्या दुसऱ्या कक्षात धूर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, असं केंद्राचा जैववैद्यकीय कचऱ्याचा नियम सांगतो. कमी तापमानात ओलं प्लास्टिक अर्धवट जळलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात, म्हणून ही काळजी. भिंतीवरच्या डब्याला दुसरा कक्ष नसतो, धुराडं असलंच तर खिडकीबाहेर, बहुधा वर्गाच्याच बाजूला. जाळल्याने वस्तू नाहीशी होते एवढं खरं, आणि आपल्याला हवं असतं तेही एवढंच. लगदा, प्लास्टिक, दाणे, सगळं चक्रातून कायमचं बाहेर.

‘सुविधा’ पॅडबद्दल सरकारने ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ असा शब्द वापरला. साध्या प्लास्टिकमध्ये असं एक रसायन मिसळायचं की हवा, ऊन लागल्यावर ते लवकर तुटावं. तुटतं, पण तुकडे लहान झाले म्हणजे प्लास्टिक संपलं असं होत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या आपल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकविषयीच्या निर्देशात अशा ऑक्सो प्लास्टिकवर थेट बंदी घातली. त्याच निर्देशामुळे तिथल्या पॅडच्या पाकिटांवर ‘यात प्लास्टिक आहे’ अशी खूण छापावी लागते. पाकिटावर पॅडमध्ये काय आहे ते लिहिलेलं असणं, ही साधी गोष्ट आपल्याकडे अजून ग्राहकाच्या सवयीत नाही.

*

पॅडचं वर्तुळ तंत्राने करता येतं का? येतं, आणि ते पाहायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. अजिंक्य धारिया या अभियंत्याने २०१८ च्या सुमारास सुरू केलेली ‘पॅडकेअर लॅब्स’ ही कंपनी हेच करते. स्वच्छतागृहात त्यांचा बंद डबा असतो, ज्यात महिनाभर पॅड वास न येता राहू शकतात. तिथून ते एका यंत्राकडे जातात. तिथे तुकडे होतात, निर्जंतुक होतात, वास आणि रंग काढला जातो, आणि शेवटी लगदा एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे निघतं. लगदा कागदाच्या, पुठ्ठ्याच्या कामाला जातो. २०२३ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमात ही कंपनी गेली तेव्हा वापरलेल्या पॅडचं पुढे काय होतं याची चर्चा बैठकीच्या खोलीत, सासू-सासऱ्यांसमोर झाली. माझ्या मते त्या यंत्राइतकीच ती चर्चाही महत्त्वाची.

पण पैसा कुठून येतो ते बघा. निघालेल्या लगद्यातून सगळा खर्च भागत नाही. कार्यालयं, मॉल, महाविद्यालयं सेवेचं शुल्क भरतात, त्यावर गाडा चालतो. जिथे शेकडो बायका एका छताखाली काम करतात आणि त्यांच्या वतीने पैसे भरणारा एक मालक असतो, तिथे हे बसतं. हडपसरच्या आयटी पार्कात बसतं. जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोण शुल्क भरणार? तिथल्या सार्वजनिक संडासात साधा झाकणाचा डबाही नसतो. तंत्र तयार आहे, पण ते ज्यांची लाज आधीच थोडी कमी झाली आहे आणि खिसा जड आहे, त्यांच्यापर्यंतच पोहोचतं.

परदेशी हा प्रश्न सुटला आहे, अशी समजूत असेल तर तीही थोडी तपासून घ्यावी. इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमिच इथे ‘नोवेस्ट’ कंपनीने २०११ मध्ये डायपर-पॅड पुनर्प्रक्रियेचा कारखाना काढला. दोनेक वर्षांत तो बंद झाला. इटलीत त्रेव्हिझोजवळ ‘फातेर’ कंपनीने २०१७ मध्ये वर्षाला दहा हजार टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. मोठ्या दाबाच्या वाफेत डायपर निर्जंतुक करून त्यातून लगदा, प्लास्टिक आणि ते पाणी शोषणारे दाणे वेगळे काढायचे. यंत्र चाललं, अडलं ते कागदावर. निघालेला लगदा कायद्याच्या नजरेत कचराच होता, आणि कचरा कच्चा माल म्हणून विकता येत नाही. हा माल आता कचरा राहिला नाही, असं ठरवणारा सरकारी आदेश यायला २०१९ साल उजाडलं. स्वच्छ झालेली वस्तू स्वच्छ मानायला इटलीच्या सरकारलाही वेळ लागला.

जपानमध्ये या प्रश्नाचा चेहरा म्हातारा आहे. तिथे बाळांच्या डायपरपेक्षा वृद्धांच्या डायपरचा खप जास्त, आणि वृद्धाच्या डायपरभोवतीची लाज पाळीच्या लाजेहून काही कमी नाही. कागोशिमा प्रांतातली शिबुशी आणि ओसाकी ही शेजारशेजारची गावं. तिथे कचरा जाळण्याची भट्टीच नाही, म्हणून लोकांना वेगळं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ‘युनिचार्म’ ही डायपर बनवणारी कंपनी २०१६ पासून तिथे वापरलेले डायपर गोळा करून ओझोनने निर्जंतुक करू लागली, आणि मग त्याच लगद्याचे पुन्हा डायपर बनवू लागली. आपण विकलेली वस्तू आपणच परत घ्यायची आणि तिच्यातून तीच वस्तू पुन्हा बनवायची; पुण्याच्या बायकांची पोती हेच मागत होती. तिथे हे शक्य झालं याला एक कारण कंपनीची तयारी, आणि दुसरं, मला वाटतं त्याहून मोठं, म्हणजे भट्टी नसणं. जाळून विसरण्याची सोय नसली की माणसं दुसरं काहीतरी शोधतात.

*

वर्तुळ आपल्याकडे मुळात नव्हतं असंही नाही. आजीच्या पिढीत जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या. धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा वापरायच्या, फाटल्या की पुरायच्या. यापेक्षा पक्कं चक्र कोणता तज्ज्ञ आखणार? ते मोडलं कारण कापड वाळत घालायला ऊन नव्हतं. ऊन अंगणात भरपूर होतं, पण त्यात ते कापड दिसलं असतं. म्हणून ते गोठ्यात, माळ्यावर, परकराच्या खाली, ओलसर काळोखात वाळत राहिलं. अर्धवट ओलं कापड अंगाला लागून त्रास झाला की दोष कापडाला दिला गेला. पॅडने बायकांची या काळोखातून सुटका केली, हे मान्यच करायला हवं. पण कापडाला बदनाम केलं ते लाजेने, आणि पॅडचा कचरा केला तोही तिनेच.

मेन्स्ट्रुअल कप हा आजचा सगळ्यांत कमी कचऱ्याचा पर्याय. एक कप वर्षानुवर्षं टिकतो. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये हजारो कप वाटले, आणि २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. देशभरात मात्र तो वापरणाऱ्या मुलींचं प्रमाण पाचव्या सर्वेक्षणात एक टक्क्याहूनही कमी होतं. लग्न न झालेल्या मुलीने शरीरात काही घालायचं, या कल्पनेपाशीच आया थांबतात. आणि समजा थांबल्या नाहीत, तरी कप उकळायचा कोणत्या भांड्यात? चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देणाऱ्या घरात गॅसवर पाच मिनिटं उकळणारं ते पातेलं ही क्रांती आहे.

तेव्हा पॅड काही वर्षं तरी राहणार, आणि उत्पादकाची जबाबदारी हा प्रश्नही राहणार. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी तपशिलात ठरवली: नोंदणी, वर्षाचं उद्दिष्ट, किती प्लास्टिक बाजारात सोडलं आणि किती परत आणलं याचा हिशेब. पॅडचं बाहेरचं पाकीट त्यात येतं. आतला पॅड येत नाही, कारण तो वेष्टन नाही, ‘वस्तू’ आहे. काही ग्रॅमच्या पाकिटाचा हिशेब द्यायचा आणि त्यातल्या आठ पॅडच्या प्लास्टिकचा नाही. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ‘व्हिस्पर’ पॅड बनतो. बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल इटलीतल्या त्या फातेर कंपनीची अर्धी मालक आहे. म्हणजे हे कसं करायचं हे ठाऊक नाही, अशी सबब या धंद्यात सगळ्यांना सांगता येणार नाही.

पॅडही या जबाबदारीत आणा आणि संकलनासाठी कंपन्यांकडून आकार घ्या, असं म्हटलं की आक्षेप येईल की पॅड महाग होतील. होतील, थोडे. बचत गटांचे छोटे कारखाने मरतील, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून आकार उलाढालीनुसार बसवावा, लहानांना वगळावं. पण तो पैसा जमा झाला तर घरातल्या पॅडच्या संकलनाला पहिल्यांदाच मालक मिळेल, आणि लाल ठिपक्याची पुडी बाजूला ठेवणाऱ्या बाईला त्या पुडीचे वेगळे पैसे देता येतील. पुडीला भाव आला की भंगाराच्या वहीत तिची नोंदही होईल, आणि गुणाकार करून अंदाज बांधायची वेळ येणार नाही.

२०२६ च्या नव्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्या जोडीला ‘सॅनिटरी’ असा स्वतंत्र प्रवाह मान्य केला. वस्तूला कायद्यात तिचं नाव मिळालं. मुंबई महापालिकेने त्याआधीच, २०२५ मध्ये, सोसायट्यांकडून हा कचरा वेगळा घेण्याची सेवा सुरू केली होती. पण तो वेगळा घेऊन न्यायचा कुठे, तर जाळायलाच. वेगळं करणं हे अर्धं काम. उरलेल्या अर्ध्यासाठी आज एकही खातं पूर्ण जबाबदार नाही. शाळेतलं पॅड शिक्षण खात्याचं, गावातलं ग्रामविकासाचं, जनऔषधीतलं केंद्राच्या रसायन आणि खत मंत्रालयाचं, वापरून झालेलं महापालिकेचं, आणि ते ज्या प्लास्टिकचं आहे ते प्लास्टिक पर्यावरण मंत्रालयाचं. सुरुवात त्या शेवटच्या मंत्रालयाला करता येईल. त्यासाठी नवा कायदाही नको. २०२२ च्या त्या जबाबदारीच्या यादीत वेष्टनांखाली पॅड आणि डायपर अशी एक ओळ वाढवली तरी कामाला लागता येतं.